वायदंडेमामांचा तास

"ही गो टू मार्केट."

"गोज!"

"ही गोज टू मार्केट."

"शाबास. आता ब्रदर घ्या. माय ब्रदर?"

वायदंडेमामांनी प्रयोगशाळेच्या पत्र्याकडे पाहिलं, मग बाटल्यांच्या कपाटाकडे पाहिलं आणि ठाम आवाजात सांगितलं, "माय ब्रदर गो टू मार्केट."

मी हातातला खडू टेबलावर आपटला. त्याचे तीन तुकडे झाले.

"मामा, ब्रदर म्हणजे कोण?"

"भाऊ."

"किती?"

"मला तीन हायेत."

"तुमचे राहू द्या! वाक्यात किती आहेत?"

"वाक्यात..." त्यांनी वहीत बोट फिरवलं. "वाक्यात येकच दिसतोय."

"मग एकटा कर्ता आला की क्रियापदाला काय लागतं?"

"येस."

"मग म्हणा!"

"माय ब्रदर गोज," मामा म्हणाले आणि थांबले. "पर बाई, ह्ये उलटं न्हाई का? येकट्याला येस आन् घोळक्याला कायबी न्हाई? जितं लई मानसं, तितं लई अक्षरं पायजेत."

"ते इंग्रजांना विचारा. आणि खडू संपला, ऑफिसातून दुसरा आणा जरा."

मामा उठले. परत आले ते बारा मिनिटांनी. मुख्याध्यापक जंगम सरांनी त्यांना वाटेतच पकडून टपाल टाकायला पाठवलं होतं. ते बाकावर बसले, वही उघडली, घसा खाकरला आणि म्हणाले, "माय ब्रदर गो टू मार्केट."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तास संपला आणि मामा टोल द्यायला धावले.

ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची, जानेवारी महिन्यातली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि कोरेवाडीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. दोशीबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं पोरं म्हणायची आणि ते खरंच होतं. हणमंत वायदंडे आमच्या शाळेचे शिपाई. वय चव्वेचाळीस, अंगावर खाकी, डोक्याला पांढरी टोपी. सकाळी शाळा उघडायची, संध्याकाळी बंद करायची आणि दिवसभर दोघांच्या वाटचं काम एकट्याने ओढायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरून ते बाहेरून दहावीला बसत होते. बाकीचे विषय एकेक करून सुटले होते. इंग्रजीत मात्र चार वेळा गचकले होते.

आता पाचव्या खेपेला गाठ पडली ती माझ्याशी. त्याचं कारण म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक मुळीककाका. ते त्याच वर्षी डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. जागा मामांना मिळू शकत होती, पण दहावी पास असल्याशिवाय नाही. संस्थेच्या सेक्रेटरींचा भाचा त्या जागेसाठी केव्हाचा देव पाण्यात घालून बसला होता. जंगम सर तसे सरळ माणूस. ते मला म्हणाले, "दोशीबाई, वायदंडे पास झाला तर मी त्याच्यासाठी भांडेन. नापास झाला तर माझ्याकडे भांडायला तोंडच नाही. मार्च आणि ऑक्टोबर, दोनच संधी आहेत."

आणि मामांनाच ती जागा का मिळायला हवी होती, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मुळीककाकांना मोतीबिंदू झाल्यापासून प्रयोगशाळा मामाच चालवत होते. कुठल्या बाटलीचं बूच सैल झालंय, कुठला बर्नर कुरकुरतो, सगळं त्यांना पाठ. पोरांना ते दम भरायचे, "पान्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पानी न्हाई. डोळं जात्याल." एकदा बाटल्या पुसता पुसता ते मला म्हणाले होते, "बाई, टोल काय कुनीबी दील. पर ह्या बाटल्यांस्नी वळखनारा मानूस पायजे की न्हाई?"

म्हणून मी हो म्हटलं. पाचवा तास मला मोकळा असायचा. संध्याकाळी साडेपाचची एसटी चुकली की मला मुक्कामच पडायचा, आणि मामांची वस्ती दोन कोसांवर. तेव्हा जे काही शिकवायचं ते पाचव्या तासाला, प्रयोगशाळेत, शेवटच्या बाकावर.

पण काय सांगू! आठवीच्या पोराला जे आठ दिवसांत कळतं, ते या माणसाला दोन महिन्यांत कळेना. आज 'शी सिंग्ज' म्हणायला शिकवावं, उद्या ये रे माझ्या मागल्या, 'शी सिंग'. 'दे' आलं की नेमका एस लावणार, 'दे सिंग्ज'. पालथ्या घड्यावर पाणी! बरं, माणूस आळशी म्हणावा तर तसाही नाही. वही व्यवस्थित, तारीख घातलेली, अक्षर मोत्यासारखं. मी ओरडायचे, खडू मोडायचे, चहा मागवून डोकं शांत करायचे आणि पुन्हा ओरडायचे. घरी आईला म्हणायचे, "हा माणूस मला वेडं करणार." आई म्हणायची, "अगं, वय झालं की डोक्यात शिरत नाही." ते मला पटलं होतं. पटवून घेणं सोपं होतं.

मार्चमध्ये पेपर झाला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर मामा म्हणाले, "बरा गेला." एवढं बोलून खिडक्या पुसायला लागले.

जूनमध्ये निकाल लागला. पस्तीस हवे होते, मिळाले एकतीस.

मामा गुणपत्रिका घेऊन प्रयोगशाळेत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. चार मार्क! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चार मार्कांचं तर नुसतं 'सूचनेप्रमाणे करा' होतं. एस लावायचा, एस काढायचा! तेवढंही जमलं नाही?"

"त्यो प्रश्न ऱ्हायला, बाई."

"राहिला म्हणजे?"

"टाइम गेला. निबंद बी ऱ्हायला."

"तीन तास होते! झोपला होतात काय?"

मामा टोपी काढून हातात फिरवू लागले. मग हळूच म्हणाले, "पानी दिलं."

"कुणाला?"

"पोरास्नी."

मला काही कळेना. बसवून घेऊन एकेक शब्द ओढून काढावा लागला. परीक्षेला जायचं म्हणून मामा त्यांच्याजवळचे सगळ्यात चांगले कपडे घालून गेले होते, म्हणजे नवी धुवट खाकी. तालुक्याच्या केंद्रावर त्यांचा नंबर दाराजवळच्या बाकावर आला. पेपर सुरू होऊन तास झाला असेल. पर्यवेक्षक तरणा, नवा. एका पोरीने पाणी मागितलं तसा तो दाराकडे बघून ओरडला, "शिपाई! पाणी!"

"आन् मी उठलो," मामा म्हणाले.

"उठलात?"

"उठलो की. भाईर बादली हुती, पेला हुता. समद्या वर्गाला दिलं. मंग शेजारच्या वर्गातनं हाक आली, तितं दिलं. येताना एका सरांनी पुरवन्या दिल्या हातात, त्या वाटल्या, दोरं वाटलं. आन् माज्या बाकापाशी आलो तवा माजी पत्रिका दिसली. म्हटलं, आरं तिच्या, आपन तर पेपराला आलोय!"

ते हसत होते. खरोखर हसत होते, दुसऱ्या कुणाची फजिती सांगावी तसे.

"आणि तो पर्यवेक्षक?"

"त्यो लई वशाळला बिचारा. म्हनला, काका, मला वाटलं तुमी हितलंच. म्हटलं, असू द्या साहेब."

माझा तोल सुटला. "असू द्या? काय असू द्या? दोन महिने मी घसा फोडला, आणि तुम्ही तिथं पाणी वाटत फिरलात! माणसाला एवढीही अक्कल नसावी? तुम्ही परीक्षार्थी होतात मामा, शिपाई नव्हतात! कुणी हाक मारली म्हणून उठायचं? जित्याची खोड म्हणतात ती हीच!" बोलता बोलता मला ठसका लागला. घशाला कोरड पडली. "जा," मी म्हणाले, "पाणी आणा आधी."

"आनतो," म्हणून मामा उठले आणि गेले.

ते दाराबाहेर पडले, आणि मी काय बोलले ते मला ऐकू आलं.

बाकावर त्यांची वही पडली होती. मी ती उघडली. पहिलं पान, जानेवारीतली तारीख, मोत्यासारखं अक्षर. 'He goes. She goes. My brother' आणि पुढे कोरं. दुसऱ्या पानावर चार वाक्यं, पाचवं अर्धं. तिसऱ्यावर 'The girls' लिहिलेलं आणि खाली कपाची गोल खूण. त्या दिवशी मी चहा मागवला होता. मी पानं उलटत गेले. एकूण त्रेचाळीस पानं होती. एकही वाक्यांनी भरलेलं नव्हतं. प्रत्येक पान कुठल्या तरी वाक्याच्या मध्यावर थांबलं होतं, बहुतेकदा कर्ता लिहून झाल्यावर आणि क्रियापद लिहायच्या आधी. काही ठिकाणी कोण आड आलं असेल ते मला नेमकं आठवत होतं. जंगम सरांचं टपाल. सातवीच्या वर्गात चक्कर येऊन पडलेली पोरगी. आणि बहुतेक वेळा मीच. खडू आणा, डस्टर आणा, खिडकी लावा, चहा सांगा. उरलेलं काम तो टोल करायचा. पस्तीस मिनिटांचा तास, पण शेवटची पाच मिनिटं मामांचा एक कान घड्याळाकडे असायचा.

त्रेचाळीस दिवसांत या माणसाला मी एकदाही पूर्ण तास बसू दिलं नव्हतं. आणि अक्कल काढत होते त्याची.

मामा पेला घेऊन आले. तांब्याचा, घासून लख्ख केलेला. मला ते पाणी गिळवेना. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी आणखीनच चिडले.

"उद्यापासून पुन्हा सुरू," मी म्हणाले. "पाचवा तास. आणि मी सांगेपर्यंत बाकावरून उठायचं नाही. शाळेला आग लागली तरी."

"आग लागली तर उटावं लागंल की, बाई."

"मामा!"

"न्हाई उटत."

दुसऱ्या दिवशी मी चार खडू, डस्टर आणि पाण्याची बाटली घरूनच आणली. दार आतून लावलं. दोनदा कुणीतरी "मामा!" करून गेलं. मी आतूनच ओरडले, "मामा नाहीत!" मामा दोन्ही वेळा अर्धवट उठले आणि दोन्ही वेळा मी डोळे वटारले. तीसएक मिनिटं झाली. मामांची चुळबुळ सुरू झाली. घड्याळाकडे बघत, ओठ चाटत, शेवटी ते उठलेच.

"बाई, टोल."

"बसा."

"तास संपला. पोरं खोळंबत्याल."

"बसा म्हणते ना. हे वाक्य पुरं करा. टोल मी देते."

मी पदर खोचला, दार उघडलं आणि मैदानात गेले. कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, खाली हातोडी. पहिला घाव नुसता घसटून गेला. दुसऱ्याला हातोडीचा दांडा असा झिणझिणला की कोपरापर्यंत कळ गेली. तास बदलताना दोन टोल द्यायचे असतात. मी रागाच्या भरात चार दिले. मधली सुट्टी झाली समजून पाचवीची पोरं ओरडत बाहेर आली. खिडक्याखिडक्यांतून डोकी दिसू लागली. जंगम सर ऑफिसातून चष्मा सावरत धावत आले.

"दोशीबाई! हे काय? वायदंडे कुठाय?"

"शिकतायत."

"अहो, पण तुम्ही... शिक्षिकेनं टोल द्यायचा? गाव काय म्हणेल?"

"गावाला तास बदललेला कळला, बस झालं."

"एक दिवस ठीक आहे. रोज चालणार नाही हे."

"ऑक्टोबरपर्यंत चालेल, सर."

मी परत आले. मामा जागेवर होते. दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. पण वहीत वाक्य पुरं झालं होतं. माय ब्रदर गोज टू मार्केट. त्याखाली, मी न सांगता, आणखी एक. माय ब्रदर्स गो टू मार्केट.

"बाई," ते वहीकडे बघत सावकाश म्हणाले, "म्हंजे ह्या घरात छत्री येकच हाय. बरूबर?"

"कसली छत्री?"

"येसची. भावानं, म्हंजे कर्त्यानं नेली, ब्रदर्स, की त्यो दुसरा, क्रियापद, भिजत जातो. गो. कर्त्यानं न्हाई नेली, ब्रदर, तर दुसऱ्याला गावती. गोज. दोगांस्नी येकदम न्हाई."

दोन वर्षं मी पोरांना जे व्याकरणाच्या भाषेत सांगत होते, ते या माणसाने पहिल्या पूर्ण तासात एका छत्रीत बसवलं. नियम सगळीकडे लागू पडत नाही हे खरं, पण आजही आठवीला शिकवताना मी छत्रीच वापरते.

तिसऱ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. कुणीतरी सेक्रेटरींच्या कानावर घातलं होतं. 'शालेय वेळेत शिक्षकी पेशास न शोभणारे काम केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' ते मला आणून दिलं मामांनीच, कारण शाळेतला प्रत्येक कागद वहीत सही घेऊन पोचवणं हे त्यांचंच काम. पाचव्या तासाला ते वही पुढे करून उभे राहिले. मान खाली.

"बाई, माज्यामुळं. ऱ्हाऊ द्या आता. भाच्यालाच मिळू द्या त्ये."

मी सही केली, पत्राच्या पाठीवरच खुलासा लिहिला, 'टोल वेळेवर झाला होता,' आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"हे नंतर पोचवा. आता बसा. काल कुठवर आलो होतो?"

चार महिने मी टोल दिला. दोन म्हणजे दोनच, नीट मोजून. पोरं मला टोलबाई म्हणू लागली, भिंतीवर लिहूनही ठेवलं. जंगम सर टोलाच्या वेळेला ऑफिसचं दार लावून घ्यायचे, म्हणजे त्यांना दिसायला नको. मामा चुकायचे, मी ओरडायचे, ते वाद घालायचे. "न्यूज येक कशी वो? बातम्या तर सात वाजता धा देत्यात." माझी चिडचिड काडीची कमी झाली नाही. फरक एवढाच की आता वाक्यं पुरी होत होती.

ऑक्टोबरच्या पेपरला मी त्यांना बजावलं, "खाकी नको." ते पांढरा सदरा आणि लेंगा घालून गेले. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी त्यांची वाट बघत उभी होते. साडेपाचची गाडी समोरून गेली, तरी जागची हलले नाही.

"पाणी मागितलं का कुणी?" ते उतरल्या उतरल्या मी विचारलं.

"मागितलं की."

"मग?"

"शिपाई म्हनून हाक आली. पाय उचललाच हुता, बाई. मंग दोनी हातांनी बाक धरला आन् डोळं मिटून बसलो. लई वंगाळ वाटलं. ल्हान पोरगं पानी मागतंय आन् आपन बसायचं." त्यांनी टोपी सारखी केली. "पर समदा पेपर सोडीवला."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निकाल आला. अठ्ठेचाळीस. जंगम सर गुणपत्रिका खिशात घालून संस्थेच्या सभेला गेले. आत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा आवाज बसलेला होता आणि मामांच्या नावाचा ठराव हातात होता.

दुसऱ्या दिवशी पाचव्या तासाला मामा शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांचा पुडा घेऊन आले. वर्गांना शुद्धलेखन देऊन सगळे शिक्षक जमले होते. त्या खोलीत अकरा खुर्च्या होत्या. त्या रोज पुसणारा माणूस दारातच उभा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुळीककाकांनी डोळे पुसले, आणि मी, वर्षभर या माणसासाठी जगाशी भांडलेली मी, आनंदाच्या भरात म्हणाले, "मामा, वाटा बघू सगळ्यांना!"

"वाटतो," म्हणून मामांनी पुडा सोडायला घेतला. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मिशीत हसले.

"बाई," ते म्हणाले, "माज्यावानी तुमचा बी येस अजून ऱ्हातोयच बगा."

सगळे हसले. मला हसताही येईना आणि रडताही येईना. मी उठून त्यांच्या हातातला पुडा घेतला आणि माझी खुर्ची पुढे ओढली. "बसा," म्हटलं. ते नको नको म्हणत खुर्चीच्या कडेवर टेकले. पहिला पेढा मी त्यांना दिला, मग एकेकाला देत खोलीभर फिरले. जंगम सरांपाशी आले तेव्हा तासाची वेळ होऊन गेली होती. मामांची नजर घड्याळाकडे गेली, हात खुर्चीच्या दांड्यावर आले.

"बस रे, वायदंडे," जंगम सर म्हणाले. पेढा तोंडात टाकून, धोतराला हात पुसत ते मैदानात गेले.

त्या दिवशी सहाव्या तासाचा टोल पाच मिनिटं उशिरा झाला, आणि चुकून तीन पडले.